नव्याण्णव

"नव्याण्णव." काकांनी आजीच्या बोटाला लावलेला चिमटा काढला. "आजी, तुमचा प्राणवायू माझ्यापेक्षा बरा आहे. तुम्ही आम्हाला पोचवून याल."

आजी कसनुशी हसली. आंघोळ करून बाहेर आली आणि चक्कर येऊन मटकन खाली बसली, एवढंच झालं होतं. घाबरून तिनेच फोन केला, आणि आता तिची तिलाच लाज वाटत होती. दवाखान्यात यायला ती मुळीच तयार नव्हती.

काका म्हणजे रुग्णवाहिकेवर मुरलेलं माणूस. त्यांनी खूण केली तशी शिकाऊ मुलगी पेटी आवरायला वाकली, आणि तिच्या कपाळात कळ आली. येताना तर ती ठणठणीत होती. थंडीमुळे खिडक्या गच्च बंद होत्या. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ तसाच राहिला होता आणि गॅसचा गिझर अजून भरभरत होता.

जीवशास्त्राच्या तासाला ती मागच्या बाकावरून म्हणाली होती, "बाई, आम्हाला पेशंट उचलायचेत, पेशी नाही." वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या आणि पुढे शिकवू लागल्या. रक्तातली तांबडी पेशी म्हणजे प्राणवायूची गाडी. कोंडलेल्या जागी गॅस जळून विषारी वायू झाला, की ही गाडी त्यालाच आधी आत घेते आणि लवकर उतरू देत नाही. बोटावरच्या यंत्राला गाडी भरलेली दिसते. आत कोण बसलंय ते दिसत नाही.

तिने ते परीक्षेपुरतं घोकलं होतं. आता तिने वळून न्हाणीघरातल्या गिझरकडे पाहिलं.

"काका, हा आकडा खोटा आहे. इथल्या हवेत विष आहे. त्याला वास नसतो."

काका तिला झटकून टाकणार होते, पण त्यांचा हात स्वतःच्या कपाळाकडे गेला. त्यांचंही डोकं मघापासून जड झालं होतं. ते वयावर ढकलत होते. मग त्यांनी वाद घातला नाही. गिझर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. दोघांनी आजीला उचलून जिन्यात आणलं. मुलीने तिच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क चढवला.

"आजी, घरात अजून कोणी आहे?"

आजीने मास्क बाजूला सारला. "मोठं कोणी नाही गं. आतल्या खोलीत नातू आहे पाळण्यात. रोज रडून घर डोक्यावर घेतो, आज मात्र कधीचा गुणी बाळासारखा झोपलाय."