जानेफळचा कोको

रेवतीने पोत्यातली एक बी उचलली, चाकूने उभी चिरली आणि उजेडात धरली. आतून एकसारखी तपकिरी. बुरशीचा मागमूस नाही.

"काका, आता हात बसला तुमचा," ती म्हणाली.

कडूबा ओसरीवर मान खाली घालून बसले होते. "तुमीच शिकवलं ना, ताई," एवढंच बोलले.

कोकोची झाडं मुळात त्यांच्या बायकोची, वच्छलाबाईंची. शेतकऱ्यांच्या सहलीबरोबर त्या कोकणात गेल्या, तिथून हौसेने रोपं आणली आणि विहिरीजवळ केळीच्या सावलीत लावली. जानेफळात सगळे हसले. रोपांनी मात्र जीव धरला. रेवती तेव्हा नांदुऱ्याला घरच्या घरी चॉकलेट करायची. व्यापाऱ्याकडच्या भेसळीच्या बियांना ती वैतागली होती. या झाडांचं कानावर आलं, तशी एसटी धरून थेट इथे आली. शेंगा फोडून गर कसा आंबवायचा, बिया कशा वाळवायच्या, हे तिने दोघांना करून दाखवलं. चॉकलेटचा हा धंदा तिने नवरा गेल्यावर एकटीने उभा केला होता. निघताना ती सहज बोलून गेली, "आता तुमच्या बियांवर माझं घर चालणार, काका." कडूबांनी ते गावभर सांगितलं.

पुढे वच्छलाबाई गेल्या. कडूबांचं जेवणावरून मन उडालं, बोलणं आटलं. मुलगा शिवम त्यांना पुण्याला न्यायला आला, तर ते जागचे हलेनात.

"मी गेलो तं झाडं कोन पाहीन?" ते म्हणाले. "रेवतीताईले बिया कोन देईन?"

शिवम परतताना नांदुऱ्याला उतरला. बाबा त्या झाडांच्या आधारानेच उभे आहेत, बिया घेणं तेवढं थांबवू नका, असं त्याने तिला विनवलं. रेवतीने शब्द दिला.

त्यानंतरचा उन्हाळा फार वाईट गेला. वीज तासन्‌तास जायची. तयार चॉकलेट वितळायचं, पुन्हा जमवलं तर त्यावर पांढरट डाग यायचे. गिऱ्हाइकं तुटत गेली. पाऊस लागायच्या आत रेवतीने धंदा बंद केला आणि एका शाळेत नोकरी धरली.

कडूबांना तिने यातलं काही सांगितलं नाही. ती पूर्वीसारखीच येत राहिली. बिया चिरून पाहायची, पोतं घरी न्यायची आणि माळ्यावर टाकायची. येताना दुकानातलं चॉकलेट आपल्या जुन्या वेष्टनात गुंडाळून आणायची. कडूबा आधी एक तुकडा वच्छलाबाईंच्या फोटोपुढे ठेवायचे, मग स्वतः खायचे. एकदा ते म्हणाले, यंदा गोड जरा जास्त झालं. साखर बदलली, असं तिने सांगून टाकलं.

झाडं पाहायचीही तिची इच्छा असायची. पण कधी वावरात चिखल असायचा, कधी कडूबांचा गुडघा धरलेला असायचा, आणि तिलाही परतीची गाडी गाठायची असायची.

आजचं पोतं घरी नेल्यावर मात्र माळ्यावर ते ठेवायला जागाच उरली नव्हती. रेवती शिडीवर तशीच उभी राहिली. म्हातारा माणूस उन्हातान्हात राबतो, बिया राखतो, आणि आपण त्या इथे सडवतो. तिला स्वतःची लाज वाटली. सांगायला हवं होतं. त्याने ते पुन्हा खचले, तर आपण रोज फोन करू, सुट्टीत जाऊन राहू. पण हे नाटक पुरे.

पुढच्या रविवारी ती न कळवताच निघाली. गाडीत ती मनाशी वाक्यं जुळवत होती. एकही धड जुळलं नाही.

कडूबांच्या घराला कुलूप होतं. झाडांपाशी असतील, असं समजून ती वावराच्या वाटेला लागली. विहीर दिसली आणि तिचे पाय थांबले.

आपण चुकीच्या वावरात तर आलो नाही, असं तिला वाटलं. पण विहीर तीच होती, पलीकडचा बांधही तोच. विहिरीच्या काठापासून बांधापर्यंत कंबरेएवढी तूर उभी होती. ना केळी, ना कोकोचं एक झाड.

शेजारच्या वावरातून बेबीताई खुरपं घेऊन बांधावर आल्या. रेवतीला त्या ओळखत होत्या.

"काका घरी नाहीत, ताई," त्या म्हणाल्या. "मेहकरले गेले. केरळातून दर खेपीले तुमच्यासाठी कोकोच्या बिया येतात ना, ते पोतं सोडवाले."