एकाच तळ्याचे दोन रंग

बीजवाल्या भैयाजींनी चुना लावून चोळलेल्या तंबाखूची चिमूट ओठाखाली दाबली, पाणी तपासायच्या पुस्तिकेतला एक पिवळा कागद फाडला आणि तळ्यात बुडवला. कागद हिरवट निळा झाला.

"एकदम बढिया पानी. सोडा मासोळीचं बीज."

ढिवरांच्या मासेमारी सोसायटीचा अध्यक्ष कवडू बीजाच्या डब्याचं झाकण काढणार, तेवढ्यात पार्वताबाई पुढे आली. गेल्या आषाढातही ह्याच भैयाजींनी ह्याच तळ्याला बढिया म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी सगळं बीज मरून वर आलं, आणि गावानं आळ घेतला तो तिच्या नवऱ्यावर, मंगरूवर. त्यानंच विष कालवलं म्हणे! तेव्हापासून त्याचं जाळं खुंटीला होतं. आजही तो पाळीवर, तळ्याच्या बांधावर, लांब एकटाच उभा होता.

"भैयाजी, एक कागद मले द्या ना."

"तुले कायले वो?"

"पाहू द्या, कसा रंगते तो."

तिचा कागद नारिंगी झाला. दुसरा घेतला, तोही नारिंगी.

भैयाजींनी पुस्तिकेवरची रंगपट्टी पाहिली. "हे तर आंबट पानी! यात बीज जगत नाही."

"मंग तुमचा कागद निळा काहून झाला? तळं तर एकच हाये."

कोडं सुटल्याशिवाय घास गोड न लागणारी बाई ती. तिनं आपली बोटं पाहिली, मग भैयाजींची. तिसरा कागद तळ्यात भिजवला आणि तो नारिंगी झाल्यावर सरळ भैयाजींच्या अंगठ्यावर दाबला. दाबला तेवढाच कागद निळा पडला.

"चुना," ती म्हणाली. "मागच्या सालीबी तुमी तंबाखू चोळूनच कागद बुडवला होता. मी इथंच होती. बीज आंबट पाण्यानं मेलं, विषानं नाही."

भैयाजींचं तोंड उतरलं. ते खाली बसून मातीनं अंगठा घासू लागले.

कवडूनं झाकण काढून डब्यात डोकावलं. बीज आताच वर येऊन तोंडं उघडत होतं; दुपारपर्यंत तग धरणार नव्हतं. तो पाळीकडं वळला आणि ओरडला, "मंगरू! तुह्या घरामागच्या लहान्या बोडीतलं पाणी आन गा तांब्याभर, कागद बुडवून पाहू. गोडं निघालं तर बीज तुह्याच जवळ ठेवू!"

मंगरू जागचा हलला नाही. वर्षभरात त्याला कुणी नावानं हाक मारली नव्हती.

तेव्हा पार्वताबाईनं तो दोन रंगांचा कागद डोक्यावर उंच धरला. एवढ्या लांबून मंगरूला रंग दिसणं शक्यच नव्हतं. तरी तो बोडीकडं धावत सुटला.