मासुएचं मडकं

गेन्झोच्या साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, चव जपानातल्या साऱ्या साइजो गावात दुसऱ्या कुणाला साधत नव्हती. "ती माझ्या कोठाराच्या काळ्या तुळयांत मुरलीय," असं तो शोगुनांच्या काळातल्या त्या जाड मातीच्या भिंतींवर थाप मारून सांगायचा. बाईचा पाय लागला की साके नासते, म्हणून त्याची बायको मासुए लग्न होऊन आल्यापासून कामगारांची जेवणं उंबऱ्याबाहेरूनच आत द्यायची.

या चवीचं गूढ शोधायला आलेल्या विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी तुळयांवरचा थर खरवडून नेला, जंतू वाढवून तपासले आणि परत आले ते थेट स्वयंपाकघरात. मासुए मडक्यातल्या तांदळाच्या आंबट कोंड्यात उघड्या हातांनी मुळे मुरवत होती.

"गेन्झोसान," प्राध्यापक म्हणाले, "चव देणारा जंतू तुळयांत नाही. तो यांच्या हातांवर आणि या मडक्यात आहे. यांचं लोणचं खाऊन तुमची माणसं कामाला लागतात, त्यांच्या हातांनी तो आत जातो."

मासुएच्या अंगाची लाही लाही झाली. "सासऱ्यांच्या काळीही याच तुळया होत्या ना? मग तेव्हा कुठे होती हो ही चव? आणि विटाळ मात्र माझा!"

"आता झालं गेलं सोड," गेन्झो डोकं खाजवत म्हणाला. "ते मडकं तेवढं उंबऱ्याशी आणून दे. आत आमची माणसं नेतील. तू बाहेरच थांब."

मासुएने मडकं उचललं.

आणि पलीकडच्या गल्लीत स्वतःची साके बनवणाऱ्या विधवा किनूच्या दारात जाऊन हाक मारली, "किनूबाई, भागीदार हवी का?"