पाचवा तळहात

पाचव्या तळहाताला भाताचं शीत कधीच चिकटत नसे.

वळ्ळीवहिनी दुपारी दहीभात कालवून बसली, की तिची चारही मुलं भोवती कोंडाळं करत. पुढे येईल त्या हातावर ती घास ठेवी. हात पाच येत.

"अम्मा, कदिरनं दोनदा घेतला!"

"आणि या दह्याच्या मिशा कुणाच्या रे?"

पाचवा कुणाचा, हे तिनं कधी विचारलं नाही. त्याचा घासही कधी चुकवला नाही. अशी आई मी दुसरी पाहिली नाही.

माझ्या भावानं मदुरैला घेतलेलं नवं घर वर्षभर बंद होतं. तिकडे राहायला जायचा विषय निघाला, की वहिनी उत्तर टाळत होती. आज त्यानं पुन्हा विचारलं, "कधी निघायचं?"

पाचवा हात मध्येच थांबला.

वहिनीनं त्यावर सगळ्यांत मोठा घास ठेवला.

"चौघांना तुम्ही घेऊन जा," ती भावाला म्हणाली. "याला हे घर सोडता येत नाही, आणि माझ्याशिवाय याला कोण आहे? मी इथेच राहते."