एकाच वायरची दोन टोकं

“पुन्हा,” युनफिंग म्हणाली. “तुम्ही हेडफोन वापरता का?”

“हो, वापरतो,” हायच्वान इंग्रजीत म्हणाला. “प्रवासात आणि व्यायाम करताना. संगीताने माझा ताण हलका होतो.”

“व्यायाम कधी करतोस तू?”

“हे परीक्षेत विचारतात?”

“नाही. मी विचारतेय.”

“लिफ्ट बंद पडली की. अख्खी इमारत जिन्याने चढून जातो.”

युनफिंग हसली. दुपारची वेळ होती आणि युनफिंग शिकवायची त्या इंग्रजीच्या क्लासच्या खोलीत ते दोघंच होते. शनिवारी हायच्वानची इंग्रजी बोलण्याची परीक्षा होती. पुरेसे गुण मिळाले की तो ऑकलंडला जाणार होता. तिथे लिफ्ट-दुरुस्तीची नोकरी ठरलेली होती आणि बहीण आधीच स्थायिक झाली होती. इथे चीनमध्ये, चांगशाला परत यायला त्याचं कुणी उरलं नव्हतं.

शाळेच्या शेवटच्या वर्षी ते एका बाकावर बसायचे. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचं वर्ष. रोज संध्याकाळी जेवून पुन्हा वर्गात यायचं आणि वर्गशिक्षकांच्या पहाऱ्यात अभ्यासाला बसायचं. इंग्रजी ऐकायचा सराव व्हावा म्हणून वडिलांनी युनफिंगला छोटा टेप घेऊन दिला होता. त्यात गाण्यांची कॅसेट असायची. इअरफोनच्या वायरचा एक फाटा तिच्या गणवेशाच्या बाहीतून तळहातापर्यंत यायचा, दुसरा हायच्वानच्या. त्यासाठी खांद्याला खांदा लावून बसावं लागायचं. गाल हातावर टेकवला की मागून पाहणाऱ्याला मूल विचारात पडलंय असं वाटायचं. घरी ती टेप इअरफोनशिवाय, मोठ्यानेच वाजवायची. इअरफोन बाकाच्या कप्प्यातच राहायचा.

“काय लावू?” असं तिने विचारलं की तो म्हणायचा, “तुला आवडेल ते.” कधीकधी त्याची बोटं बाकावर ठेका धरायची, तोही चुकीचा. याला गाण्यातलं काही कळत नाही, असं तिचं मत झालं होतं. कान मात्र तिखट. मागच्या दाराच्या काचेतून शिक्षक डोकावायचे, पण कॉरिडॉरमधली त्यांची पावलं आधी हायच्वानलाच ऐकू यायची. त्याचं कोपर लागलं की ती टेप बंद करायची. वर्षभरात ते एकदाही सापडले नाहीत.

पुढे कॉलेजं वेगळी झाली, शहरंही. वीस वर्षांनी, गेल्या शरदात, तो क्लासच्या दारात उभा राहिला.

“बाई, जुन्या विद्यार्थ्याला फीमध्ये सवलत आहे का?”

“तू माझा विद्यार्थी कधी होतास?”

“गणित सोडून सगळं तुझ्या वहीतूनच लिहिलंय.”

तेव्हापासून तिला एकच गोष्ट विचारायची होती. त्या संध्याकाळी त्याला आठवतात का? तिला त्या अजून आठवत होत्या, गाण्यांच्या क्रमासकट. पण चाळिशीकडे झुकलेल्या बाईने, कायमच्या निघालेल्या माणसाला, हे कसं विचारावं?

मग परीक्षेत या हंगामात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची यादी आली, आणि त्यात हेडफोनचा विषय निघाला. ‘शाळेत असताना हेडफोन वापरायचात का?’ नमुना उत्तर तिने स्वतःच लिहिलं, क्लासच्या मुलांना वाटून दिलं, आणि एक प्रत हायच्वानलाही दिली. तो वाचेल आणि काहीतरी म्हणेल, असं तिला वाटलं होतं.

“पुढचा प्रश्न,” ती म्हणाली. “शाळेत असताना हेडफोन वापरायचात का?”

“हो. मी आणि माझ्या बाकावरची मैत्रीण एकच इअरफोन दोघांत वापरायचो. आजही ती गाणी कानावर पडली की ते दिवस डोळ्यांसमोर येतात.” लिफ्टमधली सूचना वाचावी तसा तो म्हणाला.

युनफिंगने पेन खाली ठेवलं. “हे पाठ केलंयस.”

“तूच दिलंयस.”

“पाठ केलेलं परीक्षकाला लगेच कळतं. गुण जातात. आमच्या प्रत्येक मुलाला अशी एकेक बाकावरची मैत्रीण आहे आता.”

“मग काय बोलू?”

“खरं असेल ते.”

“खरं मला इंग्रजीत नीट जमणार नाही.”

“अडखळलास तरी चालेल. खरं बोलणारा अडखळतोच.”

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. युनफिंग ताठ बसली आणि तिने परीक्षकाचा कोरा चेहरा केला. त्या चेहऱ्याचा आज तिला आधार वाटला. काहीही ऐकायला मिळालं तरी परीक्षकाला फक्त पुढचा प्रश्न विचारायचा असतो.

“शाळेत असताना हेडफोन वापरायचात का?”

“हो. शेवटच्या वर्षी,” तो शब्द शोधत म्हणाला. “रोज संध्याकाळी. माझ्या बाकावर एक मुलगी होती. टेप तिचा होता. एक बाजू तिच्या कानात. एक माझ्या.”

“कोणती गाणी ऐकायचात?”

“माहीत नाही.”

एकही नाही. इतक्या संध्याकाळींमधलं एक गाणंही त्याच्याजवळ उरलं नव्हतं.

“आठवत नाही, असं म्हण,” ती शांतपणे म्हणाली. “तेवढं चालतं परीक्षेत.”

“आठवतं. सगळं आठवतं.” त्याने एक इंग्रजी शब्द चाचपून पाहिला, सोडला, दुसरा घेतला. “माझ्या बाजूला आवाज येत नव्हता. ती बाजू बंद होती. पहिल्या दिवसापासून.”

खालची स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली.

परीक्षकाला इंग्रजीशिवाय बोलायची मुभा नसते. युनफिंगने इंग्रजी सोडलं.

“मग वर्षभर कानात कशाला ठेवलीस?”

हायच्वान मात्र इंग्रजीतच राहिला.

“वायर आखूड होती.”