चौघांची मोहीम

"बाबा, जिंकलात!" लेक सुमेधानं टाळ्या वाजवल्या. तिच्या जुन्या संगणकावर बिगुल वाजला आणि 'मोहीम फत्ते' अशी अक्षरं झळकली.

निवृत्त सुभेदार खानविलकर मात्र संतापले. खेळातला पूल जिंकताना त्यांच्या चारपैकी तीन शिपाई मेले होते. "तीन पोरं गेली आणि हा बिगुल कसला वाजवतोय?"

"अहो बाबा, खेळ आहे तो!"

"खेळ असला म्हणून काय झालं? निदान त्यांची नावं तरी दाखवायची!"

त्यांनी तणतणतच डाव पुन्हा मांडला. या वेळी गोळीबार सुरू होताच, दर पाळीला एकेकाला मागे घेत त्यांनी चौघांनाही छावणीत आणलं. पडद्यावर 'पराभव' असं उमटलं.

"हरलात, बाबा."

"हरलो तर हरलो," सुभेदार कडाडले. "चौघेही जेवायला परत आलेत!"