ब्लॉकरवरचं शून्य

किसुमू शहरातल्या एका नर्सच्या पत्राला साइट सांभाळणाऱ्या वांजालाने अजून उत्तर दिलं नव्हतं. नर्सने नाव न सांगता साइटवरच लिहिलं होतं : ‘पाळत अडवणारा माझा ब्लॉकर तुमच्या पानावर पाळतीचा आकडा शून्य दाखवतो. मग आमच्या वॉर्डातली औषधं बाहेर कोण विकतं, ते इथे लिहू का? नोकरी गेली तर घरात दुसरं कमावणारं कोणी नाही.’

आज ते पत्र केरुबोने वाचलं. नर्सांना निर्धास्त लिहिता यावं म्हणून ही साइट तिनेच सुरू केली होती. सर्व्हरही स्वतःचा, नाकुरूच्या कचेरीतल्या कपाटात.

“शून्य कसं रे? येणाऱ्यांची मोजणी तर तू करतोस.”

वांजालाने तळलेली मंदाझी चहात बुडवली. “ब्लॉकर बाहेरचे पत्ते अडवतो, पाळतीच्या फाइलींची ओळखीची नावं अडवतो. मी मोजणी आपल्याच पत्त्यावर ठेवली. फाइलचं नाव ‘लोगो’. देणगीदारांना आकडे लागतात, ताई. आणि बाहेर काही जात नाही. सगळं आपल्याच घरात.”

“घरच्या माणसावर कुत्रं भुंकत नाही, तेवढंच साधलंस तू. काय काय मोजतोस?”

“कधी आले, कुठून आले, काय वाचलं.”

“कुठून म्हणजे?”

“हॉस्पिटलच्या वायफायवरून आले तर हॉस्पिटलचं नाव दिसतं.”

“आणि हे जातं कोणाकडे?”

त्याने कप खाली ठेवला. आकडे दर महिन्याला देणगीदारांच्या समितीकडे जात. समितीत डॉक्टर ओन्सोंगो होते. त्या नर्सचं किसुमूचं हॉस्पिटल त्यांच्याच हाताखाली होतं.

“बोल की, शहाण्या.” केरुबोचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “हेच एखाद्या कंपनीने केलं असतं तर निषेधाचा पहिला फलक तूच रंगवला असतास.”

वांजालाने मोजणी काढली, साठलेले आकडे पुसले. मग टाइप केलं : ‘आता लिहायला हरकत नाही.’

“खोड ते. समितीकडे गेलेलं तू पुसलंस का?”

त्याने खोडलं. पुन्हा लिहिलं : ‘ते शून्य खोटं होतं. आम्हीच तुमच्या ब्लॉकरला चकवलं. तुम्ही कधी आणि कुठून आलात, ते तुमच्या वरिष्ठांना कळलं असेल. इथे काही लिहू नका.’

तिचा पत्ता नव्हता. उत्तर त्याने पहिल्याच पानावर, सर्वांना दिसेल असं टाकलं.

“वाचलं का तिने?” केरुबोने विचारलं.

वांजालाचा हात सवयीने आकडे उघडायला गेला. पडदा कोरा होता.